ने

सेरेसच्या बाहेर, मक्याच्या शेतांना लागून
म्हातारी इव्हान्थिया.
तिच्याकडे डोंगरापलीकडून कामाला आलेली रोसित्सा,
पिशवीत दोन स्वेटर, लेकाचा फोटो
आणि ग्रीकमधले चाळीसेक शब्द,
त्यातले निम्मे भांड्यांचे.

पहिल्याच रात्री तिनं विचारलं, दुखतंय का?
म्हातारी म्हणाली, ने.
रोसित्साच्या गावात ने म्हणजे नाही.
तिनं गोळ्यांची डबी मिटली, दिवा मालवला.
भिंतीपलीकडे पहाटेपर्यंत
एक होकार कण्हत राहिला.

सकाळी शेजारच्या फोतिनीनं समजावलं,
अगं, ने म्हणजे हो!
समजलं, म्हणून रोसित्सानं मान हलवली
डावीकडून उजवीकडे.
बल्गेरियात होकार असाच देतात.
फोतिनीनं कपाळावर हात मारून घेतला.

पुढं कानाला सवय झाली.
जीभ मात्र जुनीच.

नदीचंही तेच.
वरून येते ती स्ट्रुमा म्हणून,
नाक्यावर तिला कुणी कागद विचारत नाही,
इकडे पोचते तोवर स्ट्रिमोनास झालेली असते,
आणि म्हशी डुंबतात त्या तळ्यात
दोन्ही नावं काढून ठेवून
नुसती पसरते.

फेब्रुवारीत झटका आला.
म्हातारीचे सगळे शब्द गेले, हा एक उरला.
पाणी? ने.
खिडकी लावू? ने.
मग उघडीच ठेवू? ने.
तुझ्या मेलेल्या नवऱ्याला बोलावू का?
चिडून विचारलं एकदा.
ने.
तेव्हापासून रोसित्सा ओठांकडे बघत नाही.
भुवई बघते. चादरीवरचं बोट बघते.

रविवारी लेकाचा फोन.
आई, ईस्टरला येशील ना?
सुपाचा चमचा तसाच धरून ती म्हणाली, ने.
तिकडे कालोयान गप्प झाला.
आपण कुठलं ने म्हणालो
हे ती आठवू लागली,
तोवर रेंज गेली होती.

मी हे मराठीत लिहितेय
आणि माझ्या कानाला इलाज नाही.
म्हातारी छताकडे बघत म्हणते, ने.
रोसित्सा विझलेल्या फोनला म्हणते, ने.
मला वाटतं, दोघी कुणाला तरी
हात पुढं करून सांगतायत.
कुठं, ते त्या सांगत नाहीत.

सूप निवलंय.
गरम करू?
ने, म्हणते म्हातारी.
भुवई मात्र वर जाते, म्हणजे नको.
रोसित्सा वाडगा खाली ठेवते
आणि खुर्ची जरा जवळ ओढते.