जिल्हा पान

रात्री पावणेबाराला पाथरीकडून फोन येतो.
"साहेबांना द्या."
मी म्हणते, बोला, पान माझ्याकडेच आहे.
पलीकडे जरा वेळ नुसता पंखा.
"मग माणूस कुणीच नाही का तिथं?"

आहेत ना. दोन आहेत.
एक मी, आणि खाली पुरवण्या घालणारी प्रयागबाई,
जिला अक्षर येत नाही
पण शाई वाळली की नाही ते बोटाला कळतं.
परभणीच्या या गल्लीत एवढ्या रात्री
जिन्यात आमच्या दोघींच्याच चपला असतात.

बातमी चार ओळींची.
पाय घसरून विहिरीत पडल्याने विवाहितेचा मृत्यू.
अकरा वर्षं हीच ओळ लावते आहे.
गाव बदलतं, वय बदलतं,
पाय तोच घसरतो.
सेलूत घसरला, मानवतला घसरला,
मागच्या उन्हाळ्यात तर कोरड्या विहिरीतही घसरला.
पोहऱ्याच्या दोराने ज्यांचे तळवे सोलले
त्या बायकांना विहिरीची कड माहीत नसते म्हणे.
पुरुषांचा पाय आमच्या जिल्ह्यात फार पक्का.

नाव काय तिचं?
"लिहा की, विवाहिता."
नाव.
तो कुणाला तरी विचारतो. ते आणखी कुणाला तरी.
"कौसल्या... नाही, थांबा. कुशावर्ता. कुशावर्ता खटिंग. सव्वीस."

मथळ्याला कॉलम एकच. एवढं नाव मावत नाही.
शेजारी चेअरमनचा वाढदिवस,
खाली शुभेच्छुकांचे बारा फोटो, सगळे गॉगलवाले.
मी एक शुभेच्छुक काढते.
उद्या तो थेट मालकांना फोन लावेल. लावू दे.

मग 'पाय घसरून'वर येऊन थांबते.
माझ्याकडे पुरावा काय? अकरा वर्षं.
ती पंचनाम्यात धरत नाहीत.
दोन शब्द पुसते, त्यांच्या जागी दुसरं काही घालत नाही.
विहिरीत सापडली.
एवढंच खरं माझ्या हातात आहे.

अडीचला गठ्ठे उतरतात.
घडीचं मशीन दिवाळीपासून बंद.
प्रयागबाई हातानं घडी मोडता मोडता थांबते.
"ताई, हितं रोज येवढं काळं नसतंय.
काय लिव्हलंय?"
मी नाव सांगते.
ती ते एकदा तोंडात घोळवते, सुपारीसारखं,
आणि घडीची रेघ बोटभर खाली घेते,
नावावर येऊ नये अशी.

एक अंक. मग दुसरा.
साडेचारची गंगाखेड गाडी सुटायला
अजून अठराशे बाकी.