किलोत किती

भोईपुऱ्यात सकाळी सहाला
थर्माकोलच्या खोक्याचं झाकण निघतं
आणि समुद्र पोचतो,
पार्सलच्या डब्यातून, बर्फाच्या चुऱ्यात,
डोळे उघडे ठेवून.

पारबता मारबते यांनी तो पाहिलेला नाही.
"काहून पाहू? थो येतेच नं माह्याकडं."

त्यांची एक वही आहे.
पुढून पोराचे सातवीतले त्रिकोण,
मागून त्यांचा हिशेब:
बांगडा, किलोत सहा.
खाली, वेगळ्या शाईत: सात.
मग एक अख्खं साल – तारली आलीच नाई.
मग तारलीच तारली, भाव पडला, मांजर बी खाईना.
मग बांगडा, किलोत अकरा.

मी सिव्हिल लाइन्सच्या एका खोलीत
उपग्रहाने घेतलेला समुद्राचा ताप रंगवतो.
अठ्ठावीस अंशांना पिवळा, तिसाला नारिंगी,
पुढे लाल.
यंदा लालच्या पुढची छटा जोडावी लागली.
माझ्या अहवालात 'अस्थिर' हा शब्द एकवीस वेळा येतो,
मासा एकदाही नाही.

खिशातली पट्टी मी बांगड्याला लावली.
नियमाच्या रेघेपेक्षा बोटभर कमी.
"नियम कुठं ऱ्हायते?"
किनाऱ्यावर, म्हटलं.
"मंग हा त्याच्या समोरूनच आला असंन."

मी बंदीच्या तारखा सांगू लागलो,
छापील, पक्क्या;
आणि पाणी कसं तापतं,
मासा कसा खोल जातो, वर सरकतो,
अंडी कशी कधी आधी, कधी उशिरा.
त्या खवले काढत ऐकत होत्या.

"माहा बाप तलावावर मरळीचं पाह्ये.
पिलायचा लाल गुंता पान्यावर दिसला
का जाळं घरी. कोन्या साली जेठात,
कोन्या साली आखाडात.
मासोळीले क्यालेंडर कोन वाचून दाखवते?"

मे महिना. सातलाच बर्फ अर्धा गेला होता.
फरशीवरून पाणी नालीकडे निघालं.
एक गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालून
झिंग्यांकडे वळलं.

"हात ओले हायेत. तुमीच लेहा आता."
मी तराजूतले मोजले. बारा.
"आन एकीच्या पोटात अंडी होती, थे बी लेहा."

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
वहीत होती जागा,
त्रिकोणाच्या शेजारी थोडीशी.