परतीचं भाडं

तपासणी येणार म्हणून दवाखान्याचं मागचं कपाट उपसलं.
मुदत संपलेल्या गोळ्या, उंदराच्या लेंड्या,
आणि लाल फडक्यात एक बाड, मोडीतलं.
चोपड्यात मोडी वाचणारे आता भिला अप्पाच.
त्यांनी बिडी विझवली, भिंग धोतराला पुसलं,
म्हणाले, सिस्टर, हे तुमच्याच खात्याचं.
देवी टोचायचं.

तेव्हा बर्फ नव्हता.
आमच्या वैशाखात लस काचेवर वाळून जायची.
टिकायची फक्त पोराच्या दंडात.
या सोमवारी टोचायचं, पुढल्या सोमवारी फोड पिकतो,
तोवर पोर गाडीत घालून पुढच्या गावी न्यायचं,
तिथे फोड उघडायचा
आणि ते पाणी दुसऱ्यांच्या दंडात.

मी म्हटलं, परत वाचा.
त्यांनी परत वाचलं.

उखर्डू. वय सात. एरंडोल, गावकुसाबाहेर.
बाप नाही. आई शेण वेचते.
आईस आणे चार.

आधीची दोन गेली असणार,
म्हणून हा जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचलला,
नावही तसंच ठेवलं,
मृत्यूला वाटावं, हे कशाला घ्या.
मृत्यू फसला.
सरकार नाही फसलं.

मना आंडोर कथा लई चालनात?
हे बाडात नाही.
अप्पा पान उलटत होते तेव्हा मला ऐकू आलं.

बाडात आहे ते असं:
बैलगाडी, एरंडोल ते धरणगाव. ज्वारीचं पीठ. गूळ, पोरासाठी.
तापीवर नाव, माणशी दोन पैसे, पोराचा एक.
सुती पट्टी, हात बांधण्यास,
खाजवून फोड फुटू नये म्हणून.
एक रात्र पोर रडले. ताप.
दुसऱ्या रात्री रडले नाही.
व्हॅक्सिनेटर कृष्णाजी त्रिंबक यांचं अक्षर
इतकं सुरेख की अप्पा दोनदा थांबून नुसतं बघत राहिले.

आठव्या दिवशी, चोपडं, चावडीपुढे
चौदा लेकरं, बापाच्या नावानिशी, जातीनिशी, आळीनिशी.
चौदा वेळा त्याच एका दंडाकडे सुरी.
समासात बारीक: फोड दोनदा दाबावा लागला.
तेरांना लागू पडली.
पुढल्या साली देवीची साथ आली,
त्या तेरांतलं कुणी गेलं नाही.
हे मी खरं मानते. माझी भाकरीच त्यावर आहे.
सातव्या नावावर अप्पांचं बोट थांबलं.
काशी, वय चार.
ही माझ्या बापाची आई, म्हणाले,
आणि बराच वेळ काही वाचलं नाही.

चौदावी, वाण्याची जमना. तिचा दंड सडला.
पोराचे रक्त अशुद्ध असावे,
एवढ्या एका ओळीत कृष्णाजींचं अक्षर बिघडलंय.

मग पोर?
अप्पांनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं.
पोर परत.
दोन शब्द. शाई वेगळी, फिकी.

आम्ही खर्चाची पानं पुन्हा पालथी घातली.
सुतळीचा पैसा मांडलाय,
बैलांच्या पेंडीचा, कंदिलाच्या तेलाचा.
चोपडा ते एरंडोल गाडी कुठेच नाही.
नावेचा तो एक पैसाही नाही.
बारा-तेरा कोस, आणि मध्ये तापी.
अप्पा म्हणाले, उन्हाळ्यात पाणी कमी असतं.
मी काही बोलले नाही.
तेही पुढे बोलले नाहीत.

मंगळवारी मी माझी पेटी भरते,
चार बाजूंना बर्फ, मधे कुप्या, दोन ते आठ अंश,
आणि सातपुड्याच्या पाड्यांवर जाते.
संध्याकाळी पेटी धुवायची, कोरडी पुसायची,
झाकण उघडं ठेवायचं, असा नियम आहे.
रिकामी पेटी सुस्थितीत परत केली
म्हणून रजिस्टरात सही लागते,
तिच्याशिवाय माझा प्रवासभत्ता निघत नाही.