आडवा दांडा

ग्रीन रिव्हरच्या कलिंगडांची रिकामी खोकी
गॅरेजात अजून पडून आहेत.
एकावर थेन बसलाय, माझा बाप,
दुसऱ्यावर त्याचं ऑक्सिजनचं यंत्र, घुर्र घुर्र करत.
म्हणून आज ग्राइंडर बंद.

मी गाडीखाली, पुठ्ठ्यावर उताणी.
"अठराचा पाना," म्हणते.
खोकं कुरकुरतं
आणि पाना काँक्रीटवरून सरपटत
नेमका माझ्या कानाशी येऊन थांबतो.
कोळशाने फुप्फुसं खाल्ली म्हाताऱ्याची,
नेम नाही खाल्ला.

जुना दांडा सतरा वर्षांचा.
बोल्टवर सतरा हिवाळ्यांचं, रस्त्यावरचं मीठ.
रात्रभर तेल पाजलं, तरी हूं नाही की चूं नाही.
शेवटी पान्यावर लांब पाइप चढवला,
दोन्ही पाय चाकाला लावले,
आणि सुटला तेव्हा असा किंचाळला
की शेजारच्या लॅरूचं कुत्रं
जेवणापर्यंत भुंकत राहिलं.

दांड्याचं काम एवढंच:
डावं चाक कुठे गेलं ते उजव्याला कळवत राहायचं.
डांबरी वळणावर हे बरं असतं.
गाडी कलत नाही, कॉफी सांडत नाही.
पण खडकात एक चाक वर चढतं,
दुसऱ्याला तेव्हा खाली, खोल, जमीन शोधायची असते,
आणि दांडा म्हणतो, छे, जायचं तर दोघांनी.
मग ते अधांतरी लटकतं
आणि उगाच फिरत बसतं.

थेन हाताने सोडवायचा.
खाणीच्या वर्कशॉपात स्वतः घासलेल्या दोन पिना,
सकाळी चिखलात गुडघे टेकून काढायच्या,
संध्याकाळी बधिर बोटांनी परत घालायच्या.
आई टॉर्च धरून उभी
आणि बघायची भलतीकडेच, कड्यांच्या रंगाकडे.
उजेड पिनेवर कधी पडलाच नाही.

"बटण," तो म्हणतो,
नको असलेला जावई यावा तसं.
"आत मोटर आहे. पाणी शिरणार. आज नाही, उद्या."
शिरणार. म्हणून तर मी
जोडणीत बोटभर ग्रीस थापतेय, ऐकत नाही असं दाखवत.

वायर आत घ्यायची ती इंजिनमागच्या पत्र्यातून,
जुन्या रबरी भोकातून.
कपड्यांच्या हँगरची तार बांधून मी ढकलते,
तो आत, सीटखाली वाकून, नळी गळ्यात, चाचपडतोय.
बराच वेळ काही नाही.
मग एक झटका.
गळाला मासा लागावा तसा.
मी थोडा वेळ तार सोडलीच नाही.

गाडीच्या मेंदूला फोनवरून पटवावं लागलं
की हा दांडा तुझाच.
तिने तीनदा नाही म्हटलं.

चार वाजता सॅन राफेलच्या खडकांकडे.
लो गिअर, बटण, खट्.
पुढचं डावं चाक शिळेवर चढलं
आणि उजवं, हळूच, खाली पोचलं.
थेनने खिडकीतून डोकं काढून पाहिलं.
"हं," म्हणाला.
खाणीत तीस वर्षं, कौतुक एवढंच शिकला.

परतताना दिवा लुकलुकत राहिला.
जोडेना. मी पुन्हा दाबलं, पुन्हा.
"उतारावर आहेस," तो म्हणाला,
"दाते समोरासमोर आले नाहीत. दाबून काय होणार?
सपाट येऊ दे."
कोरड्या ओढ्याच्या वाळूत आलो.
मी काहीच केलं नाही.
खट्.
दिवा विझला.

हायवेला लागण्याआधी त्याने खिशातून
त्या दोन पिना काढल्या, कप्प्यात ठेवल्या.
नव्या दांड्याला त्या बसत नाहीत.
त्याला माहीत आहे.
"असू देत," म्हणाला.

फेरनपर्यंत
त्या आत खुळखुळत होत्या.
रेडिओ लावायचं
दोघांच्याही लक्षात आलं नाही.