चार ळ

मार्तंडकाकांच्या हाताचे सगळे बोर्ड
मी मोबाइलवर टिपून आणले :
मल्हारगंज, खजुरी बाजार, छावणी,
नमकीनची दोन दुकानं,
बंद पडलेल्या पिठाच्या चक्कीचं शटर.
रामबागेत माझ्या फ्लेक्सच्या दुकानात बसून
मशीनला एकेक भरवले.
तासाभरात ते काकांसारखं लिहू लागलं.
कचोरी. क्लिनिक. किराये से देना है.
तोच पुढे झुकलेला र,
गल्लीतून कोणी हाक मारल्यासारखा.

अडलं ते ळपाशी.
इंदुरात ळ लागतो कोणाला?
होळकरसुद्धा पाटीवर होलकर होतात.
चाळीस वर्षांत काकांनी रंगवलेले ळ
शोधून शोधून सापडले चार,
आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही.

दातांच्या डॉक्टर मुळ्यांचा, चष्म्यासारखा.
गणेश मंडळाचा, एक डोळा मिटलेला.
शाळेच्या भिंतीवरचा, जेवून बसलेला.
चौथा गुळव्यांच्या टाकीवर.
त्याचं शेपूट प्लास्टरवरून थेट खाली येतं,
पुरुषभर, वाकडंतिकडं,
कारण रंगवता रंगवता खालून कोणी ओरडलं,
"भिया, लडकी हुई!"
आणि काका तसेच शिडी उतरले
ब्रश भिंतीवरून न उचलता.
(ती वैजू आता रायपूरला बँकेत आहे.
अक्षर भयंकर.)

मशीननं चौघांची सरासरी काढली,
शेपूट डाग समजून पुसलं.
पाचवा ळ आला.
स्वच्छ, डौलदार,
व्हिजिटिंग कार्डावर आणि होर्डिंगवर सारखाच.
काकांनी चष्मा धोतराला पुसला,
स्क्रीनवर बोट टेकवलं, रंग लागतोय का बघितलं.
"छान आहे," म्हणाले. "कोणाचा?"

मग मी शहाणपणा केला.
मशीनला म्हटलं, जरा चुकव.
त्यानं न कुरकुरता हजार ळ काढून दिले,
प्रत्येक वेगळा चुकलेला,
शिडीवरून एकही न उतरलेला.

काका आत चहा ठेवायला गेलेत.
हल्ली त्यांच्या हातात कप आला
की बशी वाजते.
मी ते ऐकत
स्क्रीन बंद करतो,
कपाटामागचा ब्रश केरोसिनमध्ये भिजत घालतो.
केस पार दगड झालेत, सुटतील की नाही कोण जाणे.

काळ्यांना फोन करून सांगितलंय,
पाटीला वेळ लागेल.