पाय वरतीच हाय

ऐरोलीला, खाडीकडच्या मोकळ्या मैदानावर
सकाळी साडेसहाला
इंदुमती भोपी गाडी वळवायच्या
आणि गाडी गुरगुरायची.

सरळ असली की गरीब गाय.
स्टिअरिंग ओढलं रे ओढलं
की काटा आठशेवरून सतराशे,
धपकन सहाशे,
पुन्हा सतराशे,
जागच्या जागी धाप लागल्यासारखी.

बाई, पाय, मी म्हणायचो.
त्या म्हणायच्या, मास्तर, पाय वरतीच हाय माजा.
बाई, पाय उचला.
उचललाय ना.

बावीस वर्षं शिकवतोय.
पन्नाशीनंतर शिकायला येणाऱ्याचा पाय जड असतो
हे माझं ठरलेलं वाक्य,
पावती फाडताना आधीच सांगून ठेवलेलं.
त्यांनी ऐकून घेतलं होतं.
भाचा टेम्पो टाकून मस्कतला गेला,
पहाटेची मासळी आणायला आता दुसरं कोण,
एवढंच म्हणाल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र
त्यांनी गिअर न्यूट्रलला टाकला,
हँडब्रेक कचकन ओढला,
चपला काढल्या,
आणि दिवाळीला पाटावर बसावं तशी
सीटवर मांडी घालून बसल्या.
मग एका हाताने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं.

सतराशे.

दोन्ही पाय माझ्यासमोर होते,
डाव्या अंगठ्यात जोडवं.
मला काही बोलता येईना.

रबाळ्याला खैरमोड्यांच्या गॅरेजात
बॉनेट उघडून ते आधी नुसते उभे राहिले.
चहा संपवला. इंजिन तापू दिलं.
स्टिअरिंगचं ऑइल पाहिलं, कमी होतं थोडं,
खाली मात्र एक थेंब नाही.
मग गेलं कुठे?
थ्रॉटल बॉडी खोलली, काजळी निघाली तव्यासारखी,
पुसून बसवली. फरक शून्य.
मी म्हटलं, सेन्सर असेल.
ते म्हणाले, असेल. घाई कसली?

मग वाकून, पंपाच्या बगलेतली
करंगळीएवढी रबरी नळी त्यांनी पकडीत दाबली.
फिरवा, म्हणाले.
मी फिरवलं.
इंजिन जरासं दबलं, आणि गप्प.

नळी काढून मला दाखवली.
आत ओल होती. स्टिअरिंगचं ऑइल.
बघा, गाडी उभी असताना चाक वळवायचं
तर पंपाला जोर लागतो,
तो जोर इंजिनकडनंच काढतात.
इंजिन बसू नये म्हणून हा व्हॉल्व्ह
त्याला घोटभर हवा सोडतो.
आतला पडदा फाटलाय याचा.
घोट मागितला की हा बादली ओततो.
कॉम्प्युटर घाबरून पेट्रोल तोडतो,
इंजिन पडायला लागतं, परत जोडतो.
म्हणून हे वर-खाली.
आणि मधल्या मधे ऑइल पितंय ते वेगळंच.
ड्रायव्हरचा यात काय संबंध?

शेवटचं वाक्य ते नळीकडे बघून बोलले.
मीही नळीकडेच बघत राहिलो.

व्हॉल्व्ह तुर्भ्याहून आला, जुनाच, पण धड.
पावणेदोन हजार.
फीमधून एक आठवडा वजा करतो, मी बाईंना म्हणालो.
त्या म्हणाल्या, कनाला?
मी म्हटलं, असंच.
सांगायचं ते तेवढ्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच मैदान,
खाडीवर धुरकट उजेड, लांब पुलावर दिव्यांची रांग अजून.
त्यांनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण ओढलं.
इंजिन किंचित दबलं,
ओझं डोक्यावर घेताना मान दबते तितकंच,
आणि सावरलं.
काटा आठशेवर.

त्या हसल्या नाहीत. पहिला टाकला,
क्लच हळू सोडत निघाल्या,
एक वळण, दुसरं वळण,
आणि तिसऱ्या वळणाला समोर बघतच म्हणाल्या,
मास्तर,
तुमचा पाय काडा आता ब्रेकवरना.

खाली पाहिलं.
माझ्या बाजूच्या पेडलवर
माझा उजवा पाय,
वरती नव्हता.