तळमजल्यावरची त्सिआला

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं घातल्याशिवाय हलत नाही.
दहा तेत्री टाकले की खटका वाजतो,
मग ती म्हाताऱ्या खेचरासारखी
आधी एक उसासा सोडते, आणि निघते.
नऊ मजले. मी आठव्यावर.

नाण्यांच्या पेटीवर, धुळीत,
कायम चारपाच नाणी पडलेली असायची.
अकरा वर्षं मी ती वापरली.
खिशात नुसती नोट असली की, हात भरलेले असले की,
खरं सांगायचं तर
खिशात चिल्लर खुळखुळत असतानासुद्धा.
कोण ठेवतं, हा प्रश्न पडला नाही.
नळाला पाणी आलं
तर कोण विचारतं, कुठून आलं?

फेब्रुवारीतल्या एका पहाटे
दाढदुखीने झोपमोड झाली म्हणून खाली उतरलो,
तर लिफ्टच्या दारात त्सिआला.
अंगात घरातला गाऊन, वर नवऱ्याचा जुना कोट,
आणि ओंजळीतलं एकेक नाणं
पेटीवर मांडत होती,
चर्चमध्ये मेणबत्त्या लावाव्यात
इतकी सावकाश.

त्सिआला तळमजल्यावर राहते.
तिच्या दारापासून रस्ता सात पावलं.
या लिफ्टमध्ये ती शेवटची चढली
ती ओतारच्या आईच्या मयताला.

म्हटलं, "तुम्ही? तुम्हाला कशाला लागते लिफ्ट?"
ती गोंधळली,
चोरी पकडल्यासारखी.
"मला चढायचं नसतं ना," म्हणाली,
"मग माझे वाचतात."

एवढंच. आणि आत जाऊन
कॉफी उतू गेली म्हणून
स्वतःलाच शिव्या घालू लागली.

मी दिवसभर दात बनवतो, दुसऱ्यांचे.
आधी मेणाचे, मग पोर्सेलीनचे.
केसभर चुकलं तरी चावा बसत नाही.
त्या दिवशी एकच दाढ तीनदा केली.
डोक्यात हिशेब चालला होता:
अकरा वर्षं, आठवड्याला निदान दोनदा,
एकशे चौदा लारी, चाळीस तेत्री.
एक बरासा बूटजोड.
लाज आकड्यावर अवलंबून नसते
हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

उन्हाळ्यात मुलीने तिला कुताइसीला नेलं.
जाताना तिने खिडकीतली जिरेनियमची कुंडी
एतेरीला दिली.
नाण्यांबद्दल कुणापाशी अवाक्षर नाही.

पेटी रिकामी. दोन दिवस, तीन दिवस.
मलाही ते दिसत होतं,
आणि मीही वाट पाहत होतो,
कुणीतरी ठेवेल म्हणून.

चौथ्या दिवशी पाचव्या मजल्याच्या वळणावर
एतेरी पायरीवर बसलेली,
काखेत बाळ, मांडीशी टरबूज.
"वीसची नोट आहे माझ्याकडे," ती धापा टाकत हसली,
"श्रीमंत माणसाने पायीच चालावं."
मी टरबूज उचललं.
सहावा, सातवा.
टरबूज बाळापेक्षा जड होतं
आणि बाळ रडत होतं टरबुजासाठी,
ते परक्याच्या हातात गेलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बेकरीत
भट्टीतून नुकती काढलेली, होडीसारखी शोती काखेत मारून
मी म्हटलं, सुटे द्या. सगळे दहाचे.
झुराने गल्ल्यात हात घातला, थबकला.
"त्सिआला असंच मागायची," म्हणाला,
"जाताना तुला सांगून गेली वाटतं?"

मी हो म्हटलं.
खोटं होतं ते.
तसं बघितलं तर.

नाणी मांडताना माझे हात
उगाचच घाईत होते.
पावाखाली धरल्याने ती ऊबदार झाली होती.
एक, दोन, पाच, सात,
एक घरंगळून दाराच्या फटीत गेलं, जाऊ दे.
वरून कुणाचं तरी दार वाजलं, चपला वाजल्या,
आणि मी, आठव्या मजल्यावरचा बादरी,
जिन्याने जो पळत सुटलो
तो थेट घराशी थांबलो,
घामाघूम, शोतीचं टोक मोडलेलं.

तेव्हा ध्यानात आलं,
लिफ्ट खालीच उभी होती.